म्हाळाप्पाची बरणी

नोकरीबद्दल कुणी विचारलं की सुरुवातीची काही वर्षं मी ‘लॅबमध्ये आहे’ एवढंच सांगायची. त्यावर लोक लगेच हात पुढं करायचे. “मग आमची शुगर तपासून द्या की.” रक्त-लघवीची लॅब वेगळी आणि आमची वेगळी, हे दर वेळी समजावून सांगायचा कंटाळा यायचा. आमच्याकडं माणसाचा तुकडा यायचा. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ, अपेंडिक्स, कधी मधुमेहानं सडलेला अंगठा. आणि काही वेळा, मेलेल्या माणसाचा एखादा अवयव. तो टिकवायचा, मेणात बसवायचा, कागदाहून पातळ कापायचा, काचेवर घेऊन रंगवायचा आणि डॉक्टरांच्या हातात द्यायचा, हे माझं काम. सोलापुरातल्या एका मेडिकल कॉलेजात मी ते एकतीस वर्षं केलं.

गिऱ्हाइकंही तशीच असायची. एका गृहस्थांनी बायकोच्या पोटातून निघालेली गाठ परत मागितली होती. कशाला, विचारलं तर म्हणाले, “डॉक्टर तीन किलोची म्हणाले. मला खात्री करायची आहे.” एक निवृत्त शिक्षक स्वतःचा कापलेला अंगठा बघायला आले, बरणीकडं बराच वेळ बघत उभे राहिले आणि “बरं आहे, ठेवा नीट” म्हणून काठी टेकत निघून गेले. अशा गोष्टी घरी सांगितल्या की जेवणावरची माणसं उठायची, म्हणून मी त्या सांगत नसे.

कामाचा मला अभिमान होता. मेणाची वडी यंत्रावर लावून चाक फिरवलं की पात्याखालून पातळ फीत निघते. ती कोमट पाण्यावर सोडायची, पसरली की काच खाली घालून अलगद उचलायची. घाई केली की सुरकुती पडते आणि तेवढा भाग वाया जातो. माझ्या स्लाईडला सुरकुती नसायची. आमचे विभागप्रमुख सर नव्या विद्यार्थ्यांना सांगायचे, “हिरेमठबाईंची स्लाईड आहे. चूक पेशीत शोधा, स्लाईडमध्ये शोधू नका.” हे वाक्य मी घरी आईला कानडीत सांगितलं होतं आणि ती शेजारपाजारी सांगत फिरली होती.

पुढं जे लिहिणार आहे ते या वाक्यामुळं मला जास्त लागतं.

म्हाळाप्पा सांगोला तालुक्यातला मेंढपाळ. आमच्या रुग्णालयात आला तेव्हा त्याच्या हातापायांवर मांस उरलं नव्हतं. जीभ वळत नव्हती, पाणी पाजलं तर नाकातून यायचं. डोळे मात्र चांगले होते आणि समज पूर्ण होती. कोण आलं, कोण गेलं, सगळं त्याला कळायचं. डॉक्टर त्या आजाराला मोटर न्यूरॉन डिसीज म्हणतात. स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरतात आणि त्यांच्यामागं स्नायू वाळत जातो. त्याच्या घरात नुसतं ‘वाळणं’ म्हणायचे. त्याचा बाप तसाच गेला होता, बापाची बहीण तशीच गेली होती.

त्याच्यासोबत धाकटा भाऊ बिरू असायचा. चाळिशीचा, उंच, आवाज हळू. भावाला कुशीवर वळवणं, त्याची लाळ पुसणं, सगळं तोच करायचा. म्हाळाप्पा शनिवारी सकाळी गेला. मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी बिरूला बाजूला घेऊन सांगितलं, की पाठीच्या कण्यातली मज्जारज्जू काढून तपासू दिली, तर या आजाराबद्दल काही कळू शकेल. तुमच्या भावाला त्याचा उपयोग नाही, पण पुढं होईल. अशा वेळी बहुतेक नातेवाईक नाही म्हणतात आणि त्यांचं चूक नसतं. बिरूनं विचारलं, “वरनं दिसंल का काय काढल्यालं?” दिसणार नाही, पाठीवर टाके असतील, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग त्यानं सही केली.

मज्जारज्जू दिसायला करंगळीएवढी जाड, पांढरट दोरी. ती माझ्याकडं आली तेव्हा दुपारचा एक वाजत होता.

आता इथं थोडं कामाचं सांगायला हवं. शरीरातून काढलेला तुकडा तसाच ठेवला तर काही तासांत आतून बिघडायला लागतो. पेशींमधली द्रव्यं स्वतःच स्वतःला खातात. ते थांबवायला तुकडा लगेच फॉर्मॅलिनमध्ये बुडवतात. फॉर्मॅलिन ठरावीक, दहा टक्के ताकदीचं लागतं, भरपूर लागतं, आणि मज्जारज्जूवरचं जाड आवरण उभं चिरावं लागतं, म्हणजे ते आत जातं. हे मी शेकडो विद्यार्थ्यांना शिकवलेलं आहे.

त्या शनिवारी आमच्या खोलीतलं फॉर्मॅलिन संपत आलं होतं. तळाला असेल-नसेल तेवढं. नवा कॅन स्टोअरमध्ये, आणि स्टोअरकीपर अर्ध्या दिवसाची सुट्टी धरून घरी गेलेला. त्याला फोन केला असता तर तो होटगी रोडवरून तासाभरात आला असता. मी फोन केला नाही. चार वाजता अक्कलकोटला माझ्या भाचीचा साखरपुडा होता आणि मला दोनची एसटी गाठायची होती. तळाला उरलेलं फॉर्मॅलिन मी बरणीत ओतलं, वरून पाणी घालून बरणी भरली. हवं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचीही ताकद नसेल त्यात. आवरण चिरलं नाही. दोन्ही टोकं कापलेली होतीच, तिथून जाईल आत, अशी मनाची समजूत घातली. साखरपुडा छान झाला. मी बासुंदी दोनदा घेतली, हे मला अजून आठवतं.

सोमवारी सकाळी स्टोअर उघडल्यावर मी बरणी बदलली. आवरण चिरलं, ताजं फॉर्मॅलिन भरलं. आणि रजिस्टरमध्ये लिहिलं : शनिवार, दुपारी एक, दहा टक्के फॉर्मॅलिन.

मला तेव्हा वाटलं होतं, फारसं काही बिघडलं नसेल. नेहमीचे रंग दिले तेव्हा स्लाईडही ठीक दिसल्या. मरून गेलेल्या पेशींच्या जागा रिकाम्या होत्या, आजाराचं निदान पक्कं झालं, कागद फायलीत गेला.

वर्ष-सव्वा वर्षानं डॉ. ऋजुता आमच्याकडं एमडीला आल्या. वयानं माझ्या थोरल्या मुलीएवढ्या. पण त्या मला ‘हिरेमठ मॅडम’ म्हणत आणि मी त्यांना ‘मॅडम’ म्हणे. त्यांनी प्रबंधाला जो विषय घेतला, तो ऐकून बाकीचे विद्यार्थी हसले होते. चेतापेशीत प्रथिनं बनवणारे घटक नेमके कुठं कुठं असतात, हा तो विषय. त्यांनी मला समजावलं ते मला चटकन कळलं, कारण बाई शिकवायला चांगल्या होत्या.

पायाचा अंगठा हलवणारी पेशी पाठीच्या कण्यात बसलेली असते, आणि तिचा एकच धागा तिथून थेट पायापर्यंत जातो. दोन हात लांब. पेशीचा मुख्य देह मात्र डोळ्याला दिसणारही नाही एवढा. पेशी जगते प्रथिनांवर, ती झिजतात आणि सारखी नवी बनवावी लागतात. पूर्वी असं मानायचे, की सगळं मुख्य देहात बनतं आणि तिथून पुढं पाठवलं जातं. नंतर दिसलं, की बनवणारी यंत्रणा देहातून निघणाऱ्या फांद्यांतही, पार लांबवर, थोडी थोडी असते. प्रथिन बनायला सुरुवात करून देणारे काही मदतनीस घटक असतात, त्यांना फॅक्टर म्हणतात. ऋजुता मॅडमना त्यातला एक फॅक्टर माणसाच्या मज्जारज्जूत शोधायचा होता. निरोगी माणसात तो कुठं असतो, आणि म्हाळाप्पासारख्या माणसात त्याची जागा बदलते का.

त्यासाठी खास द्रव्य मागवलं होतं. ते फक्त त्या एका फॅक्टरला जाऊन चिकटतं, आणि मग दुसरं रसायन घातलं की तेवढी जागा तपकिरी होते. एवढीशी कुपी, बर्फात आलेली. रंगवायचं काम माझं. निरोगी म्हणून अपघातात गेलेल्या दोघांच्या मज्जारज्जू होत्या. त्यांच्या पेशी मी पहिल्यांदा रंगवल्या तेव्हा मॅडमनी मला बोलावून घेतलं आणि मायक्रोस्कोपपाशी बसवलं. पेशीच्या देहात तपकिरी रंग सारखा पसरलेला होता. फांद्यांच्या बुडाशीही होता. आणि फांद्यांतून पुढं बारीक बारीक ठिपके गेले होते. एकतीस वर्षांत मी हजारो स्लाईड केल्या, पण रंगवणाऱ्याला बसवून दाखवणारे डॉक्टर मला दोन-तीनच भेटले.

मग म्हाळाप्पाच्या स्लाईड झाल्या. उरलेल्या मोजक्या पेशींत तपकिरी रंगाचे गोळे दिसत होते. फांद्या रिकाम्या. ठिपका नाही. मॅडम किती तरी वेळ मान वर करेनात. मग हळूच म्हणाल्या, “मॅडम, पेशी मरायच्या आधीच फॅक्टर जागा सोडतोय. हे खरं असेल तर मोठं आहे.”

बिरूचं आमच्याकडं येणं सुरूच होतं. सोलापूरला काही कामानं आला की विभागाच्या पायऱ्यांवर येऊन बसायचा. पिशवीत चार डाळिंबं असायची. मला अक्का म्हणायचा. विचारायचं एकच : “दिसलं का काय?” मी म्हणायची, अजून नाही. तो म्हणायचा, “न्हाय तर न्हाय. बगा सावकाशीनं.” आणि चहा पिऊन जायचा.

त्या आठवड्यात तो आला आणि ऋजुता मॅडमनी त्याला आत बोलावलं. स्लाईड दाखवली. त्याला गोळे दिसले की नाही कोण जाणे, पण तो वाकून बराच वेळ बघत होता. मॅडम म्हणाल्या, “तुमच्या भावाच्या पेशींत आपल्याला काहीतरी सापडलंय. औषध नाही हं अजून. पण सुरुवात आहे.” त्यांनी शब्द जपूनच वापरले होते. पण बिरूनं बाहेर आल्यावर मला जे म्हटलं त्यात जपणं नव्हतं. “दादा वाया गेला न्हाय, अक्का.”

शंका मला दुसऱ्याच दिवशी आली. म्हाळाप्पाच्या मज्जारज्जूत मागच्या बाजूलाही चेतापेशी होत्या. स्पर्श, दुखणं असलं काही पोचवणाऱ्या. हा आजार त्यांना सहसा हात लावत नाही. मॅडमचं लक्ष पुढच्या, स्नायूंच्या पेशींवर होतं. मी स्लाईड साफ करताना सहज बघितलं, तर त्या मागच्या पेशींतही तसेच गोळे होते. जिथं आजार नाही तिथंही गोळे.

ज्या वड्या आम्ही वापरल्या होत्या त्या दोरीच्या मधल्या भागाच्या. तिथपर्यंत त्या शनिवार-रविवारात फॉर्मॅलिन पोचलंच नसणार. पण कापलेल्या टोकांपाशी, पातळ का होईना, लगेच पोचलं असणार. टोकाची एक वडी कपाटात शिल्लक होती. सगळे जेवायला गेले तेव्हा मी ती कापली, आणि कुपीतला एक थेंब खर्चून रंगवली. बघितलं. रंग सारखा पसरलेला होता. फांद्यांत ठिपके होते. अपघातात गेलेल्या माणसांत होते तसेच.

गोळे आजारानं झालेले नव्हते. ते मी केले होते.

ती स्लाईड मी माझ्या ड्रॉवरमध्ये, रुमालाखाली ठेवली. अकरा दिवस ठेवली. त्या अकरा दिवसांत मी रोज कामावर गेले, रोज डबा खाल्ला. मॅडम पुण्याच्या परिषदेत हे मांडणार होत्या, त्यांचं पोस्टर तयार होत होतं. पोस्टरवर माझं नाव आभारात घातलंय, असं त्या म्हणाल्या. मी म्हणाले, कशाला. त्यांना तो माझा विनय वाटला. मी स्वतःला सांगत होते, की हा एक प्रबंध आहे, असे शेकडो होतात आणि कपाटात जातात, कुणाचं काय बिघडणार आहे. सरांचं ते वाक्यही आठवायचं. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती.

बाराव्या दिवशी बिरू आला. चहाचा कप मी त्याच्यापुढं केला तर त्यानं तो डाव्या हातानं घेतला. मी त्याच्या उजव्या हाताकडं बघितलं. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधलं मांस गेलं होतं. तिथं खळगा पडला होता. असे हात मी कॉलेजातल्या तक्त्यांवर बघितले होते, आणि म्हाळाप्पाचा बघितला होता.

“कधीपासून?” मी विचारलं.

“दिवाळीपासनं. कातर धरंना. लोकर कातराय दुसरा गडी लावलाय.”

“दाखवलंत का डॉक्टरांना?”

“दाखवून काय हुतंय? दादाला दाखवलंच की.” तो चहा प्यायला. मग म्हणाला, “म्या घाबरलो न्हाय, अक्का. तुमी शोधलंय न्हवं आता. दादाचं सापडलं, माजं बी त्येच आसंल. घरात सांगितलं न्हाय अजून. औषिद आलं म्हंजे एकदमच सांगीन. लागलं तर माज्या पाठीतलं बी काडून बगा, जित्तेपणी. म्या सई देतो.”

तो गेल्यावर मी ड्रॉवर उघडला, स्लाईड घेतली आणि ऋजुता मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली. शनिवारचं सगळं सांगितलं. साखरपुड्याचंही सांगितलं.

त्यांनी स्लाईड लावून बघितली. मग मधल्या वडीची लावली. मग मागच्या पेशी बघितल्या. अर्धा तास तरी गेला असेल. मी उभीच होते आणि त्यांनी बसा म्हटलं नाही. शेवटी मान वर केली, तेव्हा डोळे लाल झाले होते.

“ही स्लाईड कधी केलीत?”

“बारा दिवस झाले.”

“बारा दिवस.” त्या एवढंच म्हणाल्या. मग स्लाईड बाजूला ठेवून म्हणाल्या, “फॉर्मॅलिनचं मी समजू शकते, मॅडम. हे नाही समजू शकत.”

त्यांनी पुण्याचं मांडणं मागं घेतलं. सरांनी मला बोलावून लेखी खुलासा मागितला. तो मी दिला, आणि माझ्या सेवापुस्तकात नोंद झाली. सर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, “आणखी किती रजिस्टरं अशी आहेत?” एकही नाही, हे खरं होतं, पण ते खरं मानायचं कारण आता त्यांच्याकडं उरलं नव्हतं. ते मलाही दिसत होतं. म्हाळाप्पाच्या टोकाच्या वडीत स्नायूंच्या पेशी जेमतेम दोन-चार होत्या, तेवढ्यावर काही ठरवता येत नव्हतं. प्रबंध मग निरोगी पेशींपुरताच झाला : फॅक्टर कुठं असतो, फांद्यांत किती लांबपर्यंत दिसतो. छोटा आणि सच्चा प्रबंध होता. त्याच्या स्लाईड मीच केल्या. मॅडम माझ्याशी कामापुरतं बोलत.

बिरूला कोण सांगणार, हा प्रश्न होता. त्या म्हणाल्या, “त्याला सापडलंय असं मी म्हटलं, मीच सांगते.” मी म्हणाले, “नाही. बिघडवलं मी.” त्यांनी बजावलं, “हाताचंही त्याच्याशी स्पष्ट बोला. त्याला ओपीडीत यायला सांगा. वाट बघत घरी बसू देऊ नका.”

रविवारी मी सांगोल्याच्या एसटीत बसले. फाट्यावर उतरून मैलभर चालले. दोन्ही बाजूंनी डाळिंबाच्या बागा, मधे टँकरच्या चाकांनी उखडलेला रस्ता. घर दोन खोल्यांचं, पुढं पत्र्याची शेड आणि काट्यांच्या कुंपणात मेंढरं. बिरू बाजेवर बसला होता. त्याची बायको तानूबाई आत चुलीपुढं होती, आणि बारावीतली मुलगी रेश्मा माझ्यासाठी पाणी घेऊन आली. मी म्हणाले, तुमच्याशी एकट्याशी बोलायचंय. तो म्हणाला, “हितंच बोला. हात आता झाकत न्हाय. परवा सांगितलं म्या समद्यास्नी.”

मग मी तिघांसमोर सांगितलं. फॉर्मॅलिन म्हणजे काय, ते कमी पडलं, मी फोन केला नाही, बस गाठली, आणि म्हाळाप्पाचं आतून नासलं. डॉक्टरांना जे दिसलं ते आजाराचं नव्हतं, त्या नासण्याचं होतं. औषधाची सुरुवात वगैरे काही नाही.

बिरू माझ्याकडं न बघता मेंढरांकडं बघत होता.

“मंजी दादाला चिरला त्यो फुकटच,” तो म्हणाला.

“हो,” मी म्हणाले.

“म्या घरी आणला तवा आंघुळ घालताना ते टाके समद्यांनी बगितलं. वैनी माज्याशी वरीसभर बोलली न्हाय. म्या म्हनायचो, कळंल तुला, कशापायी दिला ते.” त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला धरायला काही मिळालं असतं. मग त्यानं विचारलं, “माज्या पोरीला हुईल का?”

रेश्मा तिथंच उभी होती. मी म्हणाले, रक्ताची तपासणी असते, मोठ्या शहरात करून घेता येते, पण ती करायची की नाही हे तिनं मोठी झाल्यावर ठरवायचं. होईल की नाही, हे मला माहीत नाही. रेश्मा भांडं घेऊन आत गेली.

तानूबाईचा भाकरी थापायचा आवाज मधेच थांबला होता. जाताना तिनं मला जेवून जा म्हटलं आणि मी जेवले. पिठलं आणि भाकरी. बिरू डाव्या हातानं जेवत होता आणि घास सांडत होता. कुणी त्याच्याकडं बघत नव्हतं.

निघताना मी त्याला ओपीडीत दाखवायला सांगितलं, आणि त्यानंतर तो यायला लागला. औषध एक होतं, ते आजार थोडा लांबवतं एवढंच. श्वासाच्या यंत्राचं, गिळता येत नसेल तर नळीचं, असं सगळं डॉक्टरांनी बोलून घेतलं. तो पायऱ्यांवर मात्र पुन्हा बसला नाही. माझी गाठ पडायची ती ओपीडीच्या रांगेत. तो आधी चालत यायचा, मग काठीनं, मग रेश्मानं ढकललेल्या खुर्चीत. बोलणं गेलं तेव्हा तो पापण्यांनी हो-नाही सांगायचा. बोलणं जायच्या आधी त्यानं ऋजुता मॅडमना एकदा सांगितलं होतं, “म्या गेल्यावर माजं बगा. पर ह्या टायमाला नीट बगा.” मॅडम तोवर आमच्याकडंच लेक्चरर झाल्या होत्या.

माझ्या निवृत्तीला सहा महिने होते तेव्हा बिरू गेला. सकाळी दहाच्या सुमाराला, वॉर्डात. मॅडम माझ्याकडं आल्या. संमतीचा कागद त्यांच्या हातात होता. “तानूबाई नाही म्हणतायत,” त्या म्हणाल्या. “त्याची इच्छा होती हे मी सांगितलं. तुमचं ऐकतील कदाचित. एकदा बोलून बघता?”

मी वॉर्डात गेले. तानूबाई पलंगाशेजारी स्टुलावर बसली होती, हात बिरूच्या पायावर. रेश्मा नातेवाइकांना फोन करत होती. मी शेजारी बसले. तानूबाई माझ्याकडं न बघता म्हणाली, “अक्का, तुमी घरी यून सांगितलं, दुसरं कुणी आलं नस्तं. ते म्या इसरले न्हाय. पर एक दिला. आता न्हाय.”

त्या घरात हा आजार दोन पिढ्या होता. बिरूच्या पाठीतली दोरी नीट ठेवली गेली असती, तर कदाचित खरोखरच काही दिसलं असतं. रेश्माच्या उपयोगाचं दिसलं असतं, नसतंही. तानूबाईला समजावायला माझ्याकडं शब्द होते. बिरू स्वतः काय म्हणाला होता, तेही होतं. मी ते वापरले नाहीत. उठून बाहेर आले आणि मॅडमना सांगितलं, नको. त्यांनी माझ्याकडं बघितलं, कागदाची घडी केली आणि एप्रनच्या खिशात ठेवली. “बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. मला ते बरोबर वाटत होतं आणि नव्हतंही. अजून तसंच आहे.

गाडी यायला वेळ लागला. बायकांपैकी जवळचं कुणी पोचलं नव्हतं, म्हणून तानूबाईनं मला विचारलं, की त्यांचं तोंड पुसून कपडे बदलायचेत, हात लावता का. आम्ही दोघींनी मिळून ते केलं. त्याला कुशीवर वळवलं तेव्हा ती त्याच्या पाठीवरून मानेपासून कंबरेपर्यंत हात फिरवत गेली. हाडं वर आली होती, बाकी पाठ कोरी होती.

“ह्येंचं समदं हाय न्हवं हितं?” तिनं विचारलं. “काय काडलं न्हाय न्हवं?”

“नाही,” मी म्हणाले. “सगळं आहे.”

तिनं मान हलवली. मग आम्ही त्याला सरळ केलं आणि तिनं त्याच्या सदऱ्याची बटणं लावली.